मुक्या जनावरांचा वांटा

मननासाठीं वाचावें : यहेज्केल ३४:१७-२२, आमोस ४:१-८



यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायाचा पहिला भाग आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदां वाचला जातो. कळपाला न चारतां आपलेंच पोट भरणाऱ्या मेंढपाळांस देवानें तेथें दोष लाविला आहे. तो भाग ऐकावयास आपल्याला जड जात नाहीं. कारण ते मेंढपाळ म्हणजे राजे, अधिकारी व पुढारी, आपण नव्हे, असें मनांतल्या मनांत म्हणून आपण मोकळे होतों. परंतु सतराव्या ओवीपासून देवाची दृष्टि मेंढपाळांवरून निघून खुद्द कळपावर येते. आतां न्याय मेंढरा-मेंढरांमध्यें व्हावयाचा आहे. कळपांतलीं धष्टपुष्ट मेंढरें चांगलें कुरण खातात, आणि पोट भरल्यावर जें उरलें तें पायांखालीं घालितात. निवळ पाणी पितात, आणि मग ओढ्यांत शिरून गाळ वर काढितात. मागून येणाऱ्या रोडक्या मेंढरांच्या वांट्यास तुडविलेलें गवत व गढूळ पाणी येतें. एवढ्यानेंही भागत नाहीं. बळकट मेंढरें दुबळ्यांस कुशीनें व खांद्यानें रेटितात, शिंगांनीं ढुशा मारितात, आणि अखेर त्यांस कळपाबाहेर पांगवितात. आपली म्हण आहे, बळी तो कान पिळी. तीच गोष्ट संदेष्ट्यानें मेंढरांच्या कळपांत पाहिली.

हा दाखला शहरांतल्या मनुष्यास उकलून सांगावा लागेल. दोंडाईच्याच्या आसपासच्या खेड्यांत जो राहतो त्यास मात्र टीकेची गरज नाहीं. वैशाखांत उघडा पडलेला माळ, तळाशीं चिखल उरलेला डोह, आणि त्या चिखलाभोंवतीं एकमेकांस ढकलणारीं गुरें त्यानें पाहिलीं आहेत. ह्या लेखांत आपण त्याच माळाविषयीं व त्याच गुरांविषयीं शास्त्राच्या उजेडांत विचार करूं.

आपला शिंदखेडा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या माथ्यावर आपलें ओझें उतरवितात आणि आपल्याकडे हलके होऊन येतात. पश्चिमेस नवापुराकडे चाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरीनें वीस-बावीस इंच. उत्तरेस तापी वाहते, दोंडाईच्याजवळून अमरावती नदी जाते. परंतु नदीचें पाणी फार झालें तर बागाईतदाराच्या शेतापर्यंत पोंचतें. माळावरच्या गवतास आभाळावांचून दुसरा आधार नाहीं. म्हणून पाऊस चुकला म्हणजे आधीं माळ करपतो, मग विहीर आटते, आणि सर्वांच्या शेवटीं माणसाच्या ताटांत तें दिसूं लागतें. दुष्काळाचा पहिला घांस जनावराच्या तोंडचा असतो.

आपल्या वाडवडिलांस हें ठाऊक होतें. १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे तीन मोठे दुष्काळ एका पिढीनें सोसले. त्यांतल्या शेवटच्यास गुजरातेंत व राजस्थानांत संवत् १९५६ वरून छप्पन्या म्हणतात. त्या एका वर्षीं गुजरातेंत इतकीं गुरें मेलीं कीं पाऊस आल्यावर नांगर ओढावयास बैल उरला नाहीं. १९७२ सालच्या दुष्काळांत महाराष्ट्रांतल्या लाखों माणसांस खडी फोडण्याचें व बांध घालण्याचें काम मिळालें, आणि त्यांतून पुढें रोजगार हमीचा कायदा झाला. ही मोठी गोष्ट होय. परंतु बैलास खडी फोडून मजुरी मिळत नाहीं, आणि गाय रेशनच्या दुकानापुढें उभी राहूं शकत नाहीं. आपल्या काळींही असेंच चाललें आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं राज्य सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिंदखेडा होता. पुढें ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं ४० तालुक्यांत जाहीर केला, त्यांतही शिंदखेडा होता. त्या पहिल्या दुष्काळाच्या उन्हाळ्यांत, म्हणजे १९ सालच्या मे महिन्यांत, राज्यांतील चारा-छावण्यांत सुमारें दहा लक्ष जनावरें बांधलेलीं होतीं. त्या छावण्या बहुतेक बीड, अहमदनगर व सोलापूर ह्या जिल्ह्यांत होत्या. खानदेशांतल्या बहुतेक गुरांस त्यांची सांवली मिळाली नाहीं.

आतां आमोसाकडे वळूं. हा संदेष्टा पुरोहितांच्या घराण्यांतला नव्हता; तो तकोवाच्या कोरड्या डोंगरांत गुरें राखणारा होता, म्हणून त्याचा डोळा आभाळाकडे व गवताकडे असे. चौथ्या अध्यायांत तो पाऊस मुळींच आला नाहीं असें म्हणत नाहीं. कापणीस तीन महिने उरले असतां पाऊस थांबला, एका गांवावर पडला व दुसऱ्यावर पडला नाहीं, एक शेत भिजलें व त्याच्या शेजारचें करपलें, असें तो सांगतो. आजच्या दुष्काळाचें ह्याहून नेमकें वर्णन हवामानखात्यासही करतां येणार नाहीं. २०२३ चा ऑगस्ट महिना हा १९०१ पासूनच्या नोंदींत साऱ्या देशांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जून-जुलैंत थोडेंफार पडलें होतें, सप्टेंबरांत पुन्हां पडलें. वर्षाच्या बेरजेंत तूट शेंकडा सहाच दिसली. परंतु गवत वर्षाच्या बेरजेवर जगत नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं असें दाखविलें कीं, १९५० ते २०१५ ह्या काळांत मध्य भारतांत एकूण पाऊस घटत गेला, तरी विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. म्हणजे जो पाऊस पूर्वीं पुष्कळ दिवसांत वांटून येत असे तो आतां थोड्या दिवसांत ओतला जातो, आणि मधले दिवस कोरडे जातात.

ह्याचा माळावर काय परिणाम होतो तो उपदेशक बंधूंनीं नीट समजून घ्यावा; कारण लोक म्हणतात, यंदां पाऊस तर झाला, मग गवत कां नाहीं? आपल्या माळाचीं उत्तम गवतें म्हणजे मारवेल व पवन्या. हीं एका वर्षाचीं नव्हेत. त्यांचें मूळ जमिनींत अनेक वर्षें जगतें. पहिल्या पावसानें मुळांतला सांठा खर्चून तीं पातें वर काढितात. पुढें महिना दीड महिना पातें वाढलें म्हणजे तेंच मुळास अन्न परत पाठवितें, आणि भाद्रपद-आश्विनांत बीं धरतें. परंतु कोंब फुटला आणि पावसानें तीन-चार आठवडे पाठ फिरविली, तर पातें वाढत नाहीं. त्यांत भुकेलेलीं गुरें तो कोंब खुडतात. पुन्हां शिंतोडा आला कीं मूळ पुन्हां कोंब काढतें, आणि पुन्हां तो खुडला जातो. मिळकत नसतां ठेवीवर खाणाऱ्या घरासारखें तें मूळ दोन-चार वर्षांत रितें होऊन मरतें. त्याच्या जागीं कुसळी येते, जिचीं टोकें गुरांच्या तोंडांत व मेंढ्यांच्या लोंकरींत रुततात. कुसळीच्या मागून तरवड व गाजरगवत येतें, ज्यास गुरें तोंड लावीत नाहींत. शेवटीं माती उघडी पडते, आणि पुढला मुसळधार पाऊस तीच वाहून नेतो. अशा रीतीनें आभाळाचा दुष्काळ एक वर्षाचा असला तरी माळाचा दुष्काळ अनेक वर्षें टिकतो.

माळ गेला तरी पूर्वीं घरीं कडबा असे. ज्वारी-बाजरी पेरिली म्हणजे धान्य माणसाचें व ताटें जनावराचीं, असा जणूं निसर्गाचाच करार होता. आतां आपल्या काळ्या जमिनींत कपाशी व मका यांनीं ज्वारीची जागा बहुतेक घेतली आहे. कर्ज फेडावयास रोख पैसा लागतो, म्हणून शेतकऱ्यास मी दोष देत नाहीं. परंतु पऱ्हाटी चुलींत जाते, गव्हाणींत जात नाहीं. जो वर्षभराचा चारा आपल्या शेतांत पिके तो आतां बाजारांत विकत घ्यावा लागतो, आणि दुष्काळांत त्याचा भाव घेणाऱ्याच्या हातीं नसतो.

मग काय होतें? उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायांत मिसरच्या लोकांचें जें झालें तेंच. आधीं त्यांचा पैसा संपला, मग त्यांनीं अन्नासाठीं घोडे, मेंढरें, गुरें व गाढवें दिलीं, मग जमीन दिली, आणि शेवटीं स्वतःस दिलें. आपल्याकडेही फाल्गुन-चैत्रांत सगळेच आपलीं जनावरें एका वेळीं बाजारांत आणितात, म्हणून सगळ्यांचाच भाव पडतो. मृगाचा पाऊस आला म्हणजे ज्यानें बैल विकला त्यास पेरणीसाठीं भाड्यानें ट्रॅक्टर आणावा लागतो. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हाच. २०१२ च्या पशुगणनेंत महाराष्ट्रांत सुमारें १ कोटि ५५ लक्ष गाई-बैल होते; २०१९ च्या गणनेंत सुमारें १ कोटि ४० लक्ष राहिले. ह्या घटीचीं कारणें अनेक आहेत, पण रित्या गव्हाणी हें त्यांतलें एक होय. आणि ज्या विधवेपाशीं जमीन नाहीं, दोन शेळ्याच आहेत, तिची तर शेळी हीच पेढी. शेळी गेली म्हणजे मुलाची फी गेली, आणि आजारपणांत दवाखान्याची वाटही गेली.

अशा वेळीं उपदेशकास गांवांत एक प्रश्न हमखास विचारिला जातो: पाळकबुवा, ही देवाची शिक्षा का? ह्याचें उत्तर घाईनें देऊं नये. ज्याची गाय काल मेली त्याच्या अंगणांत उभें राहून त्याच्या पापाचा हिशेब मांडणें हा ईयोबाच्या मित्रांचा धंदा होय, आणि देवानें त्या मित्रांस बोल लाविला आहे. प्रभु येशूनें सांगितलें कीं स्वर्गांतला पिता नीतिमान व अनीतिमान ह्या दोघांवरही पाऊस पाडतो. आणि शिलोहाचा बुरूज ज्या अठरा जणांवर पडला ते यरुशलेमांतल्या इतरांहून अधिक अपराधी होते असें मानूं नये, हेंही त्यानेंच शिकविलें. यिर्मयाचा चौदावा अध्याय उघडून पाहा. अवर्षणांत गवत नाहीं म्हणून हरिणी आपलें नुकतें जन्मलेलें पाडस टाकून जाते, आणि रानगाढवें उघड्या टेकड्यांवर वाऱ्यासाठीं धापा टाकीत उभीं राहतात, असें तेथें लिहिलें आहे. त्या हरिणीनें कोणतें पाप केलें होतें?

कोणी म्हणेल, आमोस तर अवर्षणास देवाची हांक म्हणतो. खरें आहे, पण ती हांक तो कोणास ऐकवितो हें त्याच अध्यायाच्या पहिल्या ओवींत पाहावें. शोमरोनांतल्या, गरिबांस चिरडणाऱ्या, बाशानाच्या कुरणांतल्या पुष्ट गाईंसारख्या धनिक स्त्रियांस तो बोलत आहे. ज्याचें पोट रितें आहे त्यास नव्हे, ज्याचें भरलें आहे त्यास तो म्हणतो कीं मागें फीर. म्हणून दुष्काळाविषयीं उपदेश करावयाचा तर ज्याचें गेलें त्याचें सांत्वन करावें आणि ज्याचें उरलें त्यास जाब विचारावा.

येथें आपण यहेज्केलाच्या पुष्ट मेंढरांकडे परत येतों. तीं कोण?

कांहीं फार दूर आहेत. मनुष्यानें कोळसा व तेल जाळून पृथ्वीचें उष्णमान गेल्या शंभर-दीडशें वर्षांत एक अंशाहून अधिक वाढविलें आहे, आणि त्यामुळें समुद्र व वारे आपली रीत सोडूं लागले आहेत, असें जगांतल्या शास्त्रज्ञांचें एकमत आहे. तो धूर बहुतांशीं श्रीमंत देशांच्या कारखान्यांचा व वाहनांचा. शेळी राखणाऱ्या बाईच्या चुलीचा त्यांत वांटा नखाएवढा. कोणी निवळ पाणी प्यालें आणि कोणास गढूळ उरलें, हें राष्ट्रांविषयींही खरें आहे.

कांहीं पुष्ट मेंढरें सत्तेच्या आसनावर होतीं. १८७८ च्या कायद्यानें इंग्रज सरकारच्या जंगलखात्यानें गांवांचीं रानें व चराऊ डोंगर आपल्या ताब्यांत घेतले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत त्यावर कडक टीका केली, आणि गरीब शेतकऱ्याच्या गुरांस चरावयास जागा उरली नाहीं हें उघडपणें मांडिलें.

परंतु कांहीं पुष्ट मेंढरें आपल्याच गांवांत आहेत, आणि त्यांविषयीं बोलणें सर्वांत अवघड. प्रत्येक गांवास गायरान असतें. तें कोणा एकाचें नव्हे. गांवच्या मुक्या जनावरांचें आहे. तरी बांध दर वर्षीं हातभर पुढें सरकतो, कोणी गोठा घालतो, कोणी गाळे काढून भाडें घेतो. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गांवांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला, आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें त्याप्रमाणें निर्णय काढिला. पण जे राखणदार तेच आंत शिरलेले असले तर निकालपत्र काय करील? कुंपणच शेत खाऊं लागलें म्हणजे दाद कोणाकडे मागावी?

ह्या ठिकाणीं एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. आपल्या मंडळ्यांत असे पुष्कळ आहेत कीं ज्यांच्या वाडवडिलांस गांवानें कधीं जमीन दिली नाहीं, आणि ज्यांनीं पोटासाठीं गायरानाचा तुकडा फोडून कसला. अशा भूमिहीनांचीं जुनीं अतिक्रमणें सरकारनें १९९१ सालीं कांहीं अटींवर कायम केलीं. जो उपाशी आहे आणि दोन एकर कसून भाकर खातो त्यास यहेज्केल पुष्ट मेंढरूं म्हणत नाहीं. ज्याच्या नांवावर आधींच पंचवीस एकर आहेत आणि जो तरीही कुंपण पुढें लोटतो, त्याविषयीं तें वचन आहे. दोघांस एकाच मापानें मोजणें हा अन्याय होय.

दुसरी कसोटी परक्याविषयीं. आपल्या शिंदखेडा, साक्री व धुळें ह्या तालुक्यांतील ठेलारी बांधव मेंढ्यांचे वाडे घेऊन वर्षांतले बहुतेक महिने रानोमाळ हिंडतात. पावसाळ्यांत ते घराजवळच्या कोरड्या माळावर असतात, आणि पुढें चाऱ्याच्या शोधांत तापीकांठीं व गुजरातेकडे उतरतात. शेतकरी आपल्या रित्या शेतांत रात्रीं त्यांच्या मेंढ्या बसवून घेतो, आणि लेंडीखताच्या मोबदल्यांत त्यांस धान्य किंवा पैसा देतो. हा दोघांच्या हिताचा जुना करार आहे. पण दुष्काळ पडला कीं हाच शेतकरी हातांत काठी घेतो. मेंढरांनीं आमचा पाला खाल्ला, आमचें पाणी संपविलें, असा बोभाटा होतो. कधीं नुकसान खरोखरीच होतें, आणि तें भरून दिलेंच पाहिजे. तरी अब्राहाम व लोट यांची गोष्ट आठवावी. कुरण अपुरें पडलें म्हणून त्यांच्या गुराख्यांत भांडण लागलें. अब्राहाम वडील होता, देश देण्याचें वचन त्यास होतें, निवडीचा हक्क त्याचा होता. तरी त्यानें निवड पुतण्यास दिली, आणि जो भाग उरला तो आपण घेतला. पुष्ट मेंढरूं उरलेलें तुडवितें. विश्वासणारा मनुष्य उरलेलें आपल्यासाठीं पत्करतो.

कोणी म्हणेल, हें बोलणें चांगलें, पण करपलेला माळ पुन्हां हिरवा होतो काय? होतो, आणि त्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यांत आहे. धुळें तालुक्यांतील लामकानी गांवचा डोंगर असाच उघडा झाला होता. ह्या शतकाच्या आरंभीं तेथल्या गांवकऱ्यांनीं डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकारानें एकत्र येऊन त्या डोंगरावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळण्याचें ठरविलें, आणि पाणी अडविण्यासाठीं चर खणिले. गुरें मोकळीं सोडण्याऐवजीं गवत कापून आणावयाचें असा नेम झाला. कांहीं वर्षांत शेंकडों एकरांवर गवत परतलें, आणि जिरलेलें पाणी विहिरींस लागलें. साक्री तालुक्यांतील बारीपाडा ह्या आदिवासी पाड्यानें श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें १९९० नंतरच्या दशकापासून सुमारें अकराशें एकर रान राखिलें; २०२५ सालीं श्री. पवार यांस पद्मश्री मिळाली.

ह्या दोन्ही गांवांस पाऊस वेगळा पडला नव्हता. वेगळा होता तो गांवचा शब्द. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत सातव्या वर्षीं भूमीस विसावा द्यावा अशी आज्ञा आहे, आणि त्या वर्षीं आपोआप उगवेल तें मालकाबरोबर दास, मजूर, परदेशी, गुरें व रानपशु ह्या सर्वांचें, असेंही तेथें सांगितलें आहे. विसावा आणि वांटा हीं तेथें एकत्र बांधिलीं आहेत, हें विसरूं नये. कारण चराईबंदी झाली म्हणजे पहिला भार कोणावर पडतो? चार एकरांचा धनी आपल्या बांधावर गवत कापील. दोन शेळ्यांच्या विधवेनें कोठें जावें? म्हणून सगळा माळ एकदम बंद करूं नये. त्याचे तीन-चार भाग करून पाळीपाळीनें विसावा द्यावा, आणि जें गवत येईल त्यांतला पहिला भारा भूमिहीनाच्या दारीं जावा. असें न केल्यास राखलेलें कुरणही पुष्ट मेंढरांचेंच होईल.

आतां घरोघरीं काय करतां येईल तें सांगतों. कारण आपल्या कळपाची स्थिति नीट जाणून घ्यावी असें नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे, आणि त्याच ठिकाणीं वाळलें गवत सांठविण्याचीही गोष्ट आहे.

पहिलें, दिवाळीच्या सुमारास चाऱ्याचा हिशेब करावा. मध्यम बैलास दिवसास सात-आठ किलो वाळलेला चारा लागतो. माघापासून ज्येष्ठापर्यंत पांच महिन्यांस एका बैलास बारा क्विंटल व जोडीस चोवीस क्विंटल झाला. तितका नसेल तर दिवाळींतच कळूं द्या. तेव्हां चाराही मिळतो आणि जनावरासही भाव असतो. चैत्रांत कळून उपयोग नाहीं. दुसरें, गवत फुलोऱ्यावर असतांना कापून वाळवावें. कुसळें धरल्यावर त्यांतलें सत्त्व जातें. कडबा सबंध टाकूं नये, कुट्टी करून टाकावा. नाहींतर कित्येक ताटें पायांखालीं जातात. उरलेलें तुडविणें हें गव्हाणींतही होतें. तिसरें, जमिनीच्या एका कोपऱ्यांत तरी ज्वारी असूं द्या. पण पावसाअभावीं खुंटलेली कोवळी ज्वारी, अथवा कापल्यावर फुटलेले धुमारे, भुकेल्या गुरास चारूं नका. त्यांत विष असतें, आणि किरळ लागून जनावर घटकाभरांत दगावतें. चौथें, भर उन्हांत औताला धरूं नका, आणि पाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळां दाखवा. पोळ्याच्या दिवशीं आपले शेजारी बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. आपल्या शास्त्रांत तर दर सातव्या दिवशीं बैलास व गाढवास विसावा द्यावा अशी आज्ञा आहे. ती आज्ञा आपण शेजाऱ्यांहून कमी पाळूं नये.

आणि पांचवें मंडळीसाठीं. कापणीच्या सणास आपण धान्य, भाजी व फळें देवाच्या मंदिरांत आणितों. ह्या वर्षापासून प्रत्येक घरानें कडब्याच्या पांच पेंढ्या आणाव्या. त्या विकूं नयेत. मंदिराच्या आवारांत त्यांची गंजी रचून झांकून ठेवावी, आणि वैशाखांत पंचांनीं पाहून ज्याची गव्हाण रिती आहे त्यास द्याव्या, मग तो आपल्या मंडळीचा असो वा नसो. तीस घरांच्या दीडशें पेंढ्यांनीं दुष्काळ हटणार नाहीं. परंतु एका घरची एक गाय त्यांवर कांहीं दिवस निभावेल, आणि ते कांहीं दिवस कधीं कधीं पावसापर्यंतचे शेवटचे दिवस असतात.

निनवेची दया देवास कां आली हें योनाच्या पुस्तकाच्या अगदीं शेवटीं लिहिलें आहे. ज्यांस उजवा-डावा हात कळत नाहीं अशीं लक्षावधि माणसें त्या नगरांत होतीं, आणि पुष्कळ गुरेंढोरेंही होतीं. गुरांचा उल्लेख त्या पुस्तकाच्या अखेरच्या शब्दांत आहे. ज्या देवाच्या हिशेबांत निनवेचीं गुरें मोजलीं गेलीं त्याच्या हिशेबांत आपल्या माळावरचीं गुरें सुटणार नाहींत.

यहेज्केलाच्या त्या अध्यायांत देव आपल्या कळपासाठीं पुढें एक मेंढपाळ देण्याचें वचन देतो. तो मेंढपाळ आला, हा आपला विश्वास. हरवलेल्यास तो शोधतो, मोडलेल्यास पट्टी बांधतो, रोडक्यास बळ देतो. पण तो आला म्हणून मेंढरा-मेंढरांमधला न्याय टळला नाहीं. आपण माळावरून गेल्यावर मागून येणाऱ्यासाठीं काय उरलें, हें तो पाहत आहे. ज्याचें पोट भरलें आहे त्यानें आज आपलें पाऊल जपून टाकावें, आणि ज्याचें रितें आहे त्यानें धीर सोडूं नये.

प्रभु आम्हां सर्वांस तशी बुद्धि देवो. आमेन.